चेरी काउंटी बघायला निघालायस? आधी हे वाच

अरे मस्त निवडलीस! अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी म्हणजे क्षेत्रफळ जवळपास आपल्या नाशिक जिल्ह्याएवढं आणि २०२० च्या जनगणनेत माणसं फक्त ५,४५५, हे डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळं सोपं जातं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नकाशावर ठिपका दिसला की तिथे पेट्रोल आणि जेवण मिळेल असं धरून चालणं. मी पण हेच केलं होतं आणि अर्ध्या टाकीवर जीव मुठीत धरून परत आलो. व्हॅलेंटाइनला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावात, टाकी फुल कर, मगच पुढे.

१. आधी हायवे २० धर. वुड लेक, व्हॅलेंटाइन, क्रुकस्टन, किलगोर, नेन्झेल, कोडी, मेरिमन, ही गावं अशी एका माळेत का, तर जुनी रेल्वे तिथूनच जायची. दक्षिणेला सँडहिल्स, गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, तिथे गावापेक्षा रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी कुरणं, हेच जास्त.

२. घड्याळ बघ! काउंटीत दोन टाइम झोन आहेत, मेरिमन व्हॅलेंटाइनच्या एक तास मागे.

३. जीपीएस म्हणतंय म्हणून वाळूच्या रस्त्यात गाडी घालू नकोस, नाहीतर रुतलास म्हणून समज.

आणि फक्त आजची गावं मोजू नकोस रे. ब्राउनलीजवळ डेविटी नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती होती, १९०४ च्या किंकेड कायद्याने सरकारकडून ६४० एकर जमीन मिळायची म्हणून आलेली, आता तिथे नुसतं गवत. माझ्या मते अख्ख्या काउंटीतली सगळ्यात इंटरेस्टिंग जागा तीच.