वाचक विचारतात : तांबडी जास्वंद, हिरवं पान आणि एकच पेन्सिल

प्रश्न : तांबड्या जास्वंदीचं पेन्सिलचित्र काढते आहे. फूल आणि पान सारखेच करडे होतात. फोनवर फोटो कृष्णधवल करून पाहिला, तर पाकळ्या जवळजवळ काळ्या आल्या. कोणती छटा खरी धरू?

उत्तर : डोळ्याला दिसते ती. फोटोचं कृष्णधवल रूपांतर लाल, हिरवा आणि निळा किती प्रमाणात मिसळतो, त्यावर पाकळीचा करडेपणा ठरतो; फिल्टर बदलला की उत्तर बदलतं. संधिप्रकाशातही छटा जोखू नका. उजेड कमी झाला की तांबडा हिरव्यापेक्षा लवकर काळवंडतो. दिवसा, खिडकीच्या एकाच बाजूच्या उजेडात बसा.

आधी नऊ चौकोनांची छटापट्टी करा : १ म्हणजे कोरा कागद, ९ म्हणजे तुमच्या पेन्सिलीचा सर्वांत गडद काळा. करड्या कार्डाला पेन्सिलीच्या जाडीएवढी दोन भोकं पाडा. एकातून पाकळी, दुसऱ्यातून पट्टी, डोळे किलकिले करून. कार्ड करडंच हवं. पांढऱ्याशेजारी सगळंच गडद भासतं. पाकळी साधारण ५–६, तळाचा गडद डाग ८ आणि पानाचा उजेडातला भाग ६ च्या आसपास येईल. म्हणजे दोन्ही सारखे दिसतात यात तुमची चूक नाही; ते तसेच असतात.

फरक दाखवायचा तो पृष्ठभागाचा. जास्वंदीचं पान तुकतुकीत असतं, त्यामुळे चकाकी थेट २ वर जाते आणि तिची कड लगेच तुटते. पाकळीवर तशी उडी नसते. ५ वरून ६ वर छटा हळूहळू उतरते आणि बारीक शिरा तळाकडून कडेकडे पसरतात. पान गडद करून फूल ‘उठवण्याची’ सवय बऱ्याच जणांना असते, पण मग पान जास्वंदीचं राहत नाही. त्यापेक्षा पाकळीच्या कडेमागे पानाचा सावलीतला भाग येईल अशी फांदी फिरवून ठेवा.

गुळगुळीत कागदावर २एच या कठीण पेन्सिलीचा हलका थर, मग एचबी, शेवटी फक्त खोल जागी मऊ २बी. क्रम उलटा केलात तर मऊ ग्रॅफाइट कागदाचा खरखरीतपणा बुजवतं आणि वरून एच घसरते. पानाच्या फिकट शिरा रंगवण्याआधीच शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून घ्या. वरून पेन्सिल फिरली तरी त्या कोऱ्या राहतात.

प्रश्न : गडद भाग चमकतात आणि उजेडात फिकट दिसतात. ६बी वापरूनही काळा येत नाही.

उत्तर : दाब कमी करा. जोरानं घासलं की ग्रॅफाइटचे पापुद्रे सपाट बसतात आणि आरशासारखा उजेड परततात. ४बीची टोकदार पेन्सिल, हलके चार-पाच थर, एवढ्यानं बहुतेक काम होतं. उरलेल्या अगदी काळ्या फटींसाठी मॅट, म्हणजे न चमकणारी, ग्रॅफाइट पेन्सिल मिळते. मात्र ती चकचकीत थरावर नीट धरत नाही, म्हणून त्या जागा आधीपासून मोकळ्या ठेवा.

प्रश्न : पिवळा सोनचाफा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही.

उत्तर : पाकळीचा उजेडातला भाग २ च्या पुढे नेऊ नका, सावलीला ४ पुरे. बाह्यरेषा ठळक करण्याचा मोह टाळा. फुलामागे एखादं पान घ्या, म्हणजे कड आपोआप सुटते. त्याहून गडद पिवळा करायला गेलात तर फूल मळकट दिसेल.