वेबसाइट रीडिझाइनच्या ड्राफ्टवर वर्गात अभिप्राय कसा द्यावा, आणि आपल्या ड्राफ्टवरचा कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वर्षाला एका जुन्या वेबसाइटचं रीडिझाइन करायचा प्रकल्प आहे आणि दर आठवड्याला वर्गात ड्राफ्ट दाखवावा लागतो. दुसऱ्यांच्या ड्राफ्टवर ‘छान आहे, क्लीन वाटतंय’ यापलीकडे काही सुचत नाही, आपल्यावर कुणी बोललं की डोकं फिरतं, आणि सरांचं पटलं नाही तर काय करायचं तेही कळत नाही. मी वेबसाइटची कामं करतो आणि अधूनमधून कॉलेजांत ज्युरीला, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांत, बसतो. त्या अनुभवावरून लिहितो.

पुढे काही सुचत नाही याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: बघणाऱ्याने जुनी साइट उघडलेलीच नसते. नुसता नवा ड्राफ्ट समोर ठेवला तर तो आवडला की नाही, एवढंच सांगता येतं. म्हणून मित्राचा ड्राफ्ट बघण्याआधी जुनी साइट मोबाइलवर उघडा आणि त्यावर एखादं काम करून बघा.

समजा, मित्राने एका गावातल्या नगरवाचनालयाची साइट घेतलीय. तिथे येणाऱ्या माणसाला काय हवं असतं? शनिवारी दुपारी वाचनालय उघडं असतं का, वर्गणी किती, अनामत परत कशी मिळते, अमुक पुस्तक आहे का. यातलं एक काम निवडा, आधी जुन्या साइटवर करा, मग ड्राफ्टवर करा, आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगा. ‘मी वेळ शोधत होतो. आधी ‘आमच्याविषयी’मध्ये गेलो, तिथे इतिहास आणि कार्यकारिणी होती. परत आलो, मग तळाशी वेळ दिसली. जुन्या साइटवर ती सरकत्या पट्टीत लगेच दिसत होती.’ हा अभिप्राय झाला. यात तुमची आवडनिवड कुठेच नाही, आणि मित्राला वाद घालायला जागा नाही, कारण ते तुमच्या बाबतीत खरंच घडलंय.

उपाय मात्र लगेच सांगू नका. ‘वेळ वर उजवीकडे टाक’ म्हणालात की चर्चा उजवीकडे की डावीकडे यावर जाते आणि मूळ अडचण मागे राहते. अडचण सांगायचं काम तुमचं, सोडवायचं काम ड्राफ्टवाल्याचं.

त्या सरकत्या पट्टीबद्दल थोडं विषयांतर. विद्यार्थी पहिली कुऱ्हाड तिच्यावरच घालतात, आणि दिसायला ती वाईट असतेच. पण पुष्कळदा साइटवर तेवढा एकच भाग ताजा असतो, कारण ग्रंथपालांना तेवढाच बदलता येतो. नव्या ड्राफ्टमध्ये मोठे फोटो, ‘महिन्याचे पुस्तक’, ‘वाचकांचे मनोगत’ असे चार कप्पे असतात आणि ते दर महिन्याला कोण भरणार याचा पत्ता नसतो. ‘हे कोण भरणार?’ हा प्रश्न प्रत्येक ड्राफ्टला विचारा. मला तो रंगसंगतीच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटतो.

साइट मराठी असेल तर आणखी बरंच बघण्यासारखं असतं, आणि वर्गात ते कुणी बघत नाही. ड्राफ्ट बहुधा इंग्रजी किंवा लॅटिन भरताडाच्या मजकुरावर बनतो. ‘होम’, ‘अबाउट’ असे छोटे शब्द सुंदर बसतात. मग खरा मजकूर येतो, ‘सभासदत्व नूतनीकरण’ आणि ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’, आणि बटण दोन ओळींचं होतं. तेव्हा पहिली मागणी करा ती खऱ्या मजकुराची. शीर्षकाच्या अक्षरांत अंतर वाढवलं असेल तर बघा, रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीची शिरोरेषा मात्र तुकड्या-तुकड्यांत तुटते. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटी-रफारात घुसतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलंय का, तेही विचारा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वेगळी वळणं दिलेली असतात, पण ती दिसण्यासाठी ब्राउझरला भाषा कळावी लागते. आणि शोध! जुनी पुस्तकयादी युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टंकलेली असेल तर नवा शोधचौकोन कितीही देखणा असो, त्यात काही सापडणार नाही. लेखकाची आद्याक्षरं टिंब देऊन, न देता आणि रोमन लिपीत टाकली तर काय होईल, हे विचारून बघा.

रंगावर बोलायचंच असेल तर मोजून बोला. ‘फिकट वाटतंय’ यावर ‘मला नाही वाटत’ हे उत्तर तयार असतं. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या निकषांत, एए पातळीला, साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागितलाय, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंगसंकेताचा करडा रंग साधारण २.८ ला येतो, म्हणजे नापास. आपल्याकडे लाडकी असलेली केशरी पट्टी आणि त्यावर पांढरी अक्षरं याहून वाईट: एफएफ९९३३ या छटेवर ते प्रमाण जेमतेम २.१ भरतं. फुकटची साधनं हे क्षणात सांगतात. आकडा समोर ठेवला की भांडण मिटतं.

‘आधी एक चांगलं, मग वाईट, मग परत चांगलं’ अशी पद्धत काही ठिकाणी शिकवतात. मला ती पटत नाही. दोन आठवड्यांत सगळ्यांना कळतं की पहिलं वाक्य भरतीचं आहे, आणि मग खरं कौतुकही कुणी ऐकत नाही. चांगलं असेल तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा: ‘वर्गणीचा तक्ता एका नजरेत कळला, तो बदलू नकोस.’ पुढच्या फेरीत काय जपायचं, हे त्याला त्यावरून समजतं. आणि चॅटजीपीटीकडून अभिप्राय लिहून आणू नका. ‘व्हिज्युअल हायरार्की (नजर आधी कुठे जावी याचा क्रम) सुधारता येईल’ हे वाक्य कुठल्याही साइटला लागू पडतं, ते वाचून कुणी काय करायचं?

आता तुमच्या डोकं फिरण्याबद्दल. राग येतो तो बऱ्याचदा भलत्या वेळी भलत्या गोष्टीवर बोललं गेल्यामुळे. मेन्यूची मांडणी अजून ठरायची असते आणि लोक निळ्या रंगावर घसरतात. यात दोष ड्राफ्टचाही असतो: रंग-सावल्या लावून पूर्ण सजवलेला पडदा दाखवला की लोक सजावटीवरच बोलणार. मांडणीबद्दल ऐकायचं असेल तर काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवा, अगदी कागदावर काढलेल्या चालतील. सुरुवातीला एवढंच सांगा: ‘आज फक्त पुस्तक शोधण्याचा मार्ग बघा, रंग पुढच्या आठवड्यात.’ आणि मग गप्प बसा. तुम्ही आधीच सगळं समजावून सांगितलंत तर समोरच्याला कुठे अडायला होतं हे कळणारच नाही. वाचनालयाचा सभासद साइट उघडेल तेव्हा तुम्ही शेजारी नसाल.

लोक बोलत असताना त्यांचेच शब्द लिहून घ्या, उत्तर देऊ नका. हात लिहिण्यात गुंतला की तोंड आपोआप कमी चालतं, हा त्याचा उपफायदा. कुणी थेट उपाय सांगितला, ‘इथे स्लायडर (आपोआप बदलणारे मोठे फोटो) टाक’, तर ‘तिथे तुला काय कमी वाटलं?’ एवढं विचारा. ‘पान रिकामं वाटलं’ असं उत्तर आलं तर तुमच्या हाती खरी तक्रार लागली, स्लायडर टाकायची गरज नाही. दोघांनी एकाच जागेबद्दल उलटसुलट सांगितलं, एक म्हणतो मेन्यू फार मोठा, दुसरा म्हणतो त्यात काही सापडत नाही, तर दोघांनाही खोडू नका. त्या जागी गडबड आहे यावर ते सहमत आहेत, बहुधा नावं चुकलीत.

एक सावधगिरी. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब वर्गात फार फेकला जातो: पाच जणांवर चाचणी घेतली की साधारण ८५ टक्के अडचणी कळतात. पण ते पाच जण त्या साइटचे खरे वापरकर्ते असावे लागतात. वर्गातले पाच जण म्हणजे एकाच वयाचे, एकाच वायफायवरचे आणि फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कोळून प्यायलेले. वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या एखाद्या आजोबांच्या हातात मोबाइल देऊन ‘वर्गणी किती ते शोधता का?’ असं विचारा. त्यांनी दिलेला अभिप्राय बघून वर्गातल्या शेऱ्यांचा रागही बराच उतरेल.

राहिले सर. ‘मजा येत नाही’ एवढंच म्हणाले तर ‘सर, कुठल्या पानावर नजर अडते?’ असं विचारा. बहुतेक जण बोट दाखवतात. नेमकं काही सांगितलं आणि ते पटलं नाही, तर तिथल्या तिथे वाद घालू नका, दोन्ही आवृत्त्या करा. त्यांची आणि तुमची, तेच काम, तीच दोन-तीन बाहेरची माणसं, आणि कोण कुठे अडलं याची नोंद. पुढच्या आठवड्यात ड्राफ्टच्या पहिल्या पानावर तीन रकाने काढा: काय सांगितलं गेलं, काय बदललं, काय बदललं नाही आणि का. तिसऱ्या रकान्यात ‘मला आवडलं नाही’ असं लिहायची वेळ आली तर ते सरांच्या म्हणण्याप्रमाणे बदलून टाका. तिथे त्या आजोबांची नोंद असेल तर बदलू नका, आणि गुणांची काळजीही करू नका. ज्युरीला बसलेला माणूस सगळ्यात आधी तोच रकाना वाचतो. निदान मी तरी वाचतो.