ट्रेलर ओढायला जुना पिकअप की नवा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा १९९७चा डॉज रॅम २५०० आहे. १२ व्हॉल्व्हचे ५.९ लिटर कमिन्स इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. १०,००० पौंडांचा ट्रेलर ओढायचा आहे. गाडी बदलावी का?

गाडी ओढेल. प्रश्न थांबण्याचा आहे. ऑटोमॅटिकसोबत या इंजिनाची मूळ ताकद १८० हॉर्सपॉवर आणि ४२० पौंड-फूट टॉर्क. २०२३च्या फोर्ड सुपर ड्युटीतल्या सर्वांत ताकदवान डिझेलची ५०० आणि १,२००. चढावर तुम्ही मागे पडाल, पण पोहोचाल.

उतारावर मात्र गोष्ट वेगळी. या डिझेल इंजिनाला हवा अडवणारा थ्रॉटल नाही, त्यामुळे पाय काढला तरी इंजिन गाडीला फारसे धरून ठेवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्या गाड्यांत टर्बोच्या पात्या मिटतात, एक्झॉस्ट तुंबतो आणि इंजिनच ब्रेकचे काम करते. तुमच्या गाडीला बाहेरून एक्झॉस्ट ब्रेक बसवता येतो. पण आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ६० पौंडांच्या टाका, नाहीतर तुंबलेल्या एक्झॉस्टच्या उलट दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतात. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला जोड) मजबूत हवा आणि त्याचे लॉकअप (दोन्हींची थेट पकड) उतारावर टिकले पाहिजे. ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि केबिनमधला कंट्रोलर यांवर तडजोड नको.

पण सगळ्यांत आधी टायमिंग केसमधली (इंजिनाच्या पुढच्या गिअरच्या घरातली) डॉवेल पिन (जागा धरणारी छोटी खुंटी) पाहा. ती थरथरून सुटते, गिअरमध्ये पडते आणि केस फोडते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अडकवली की काम झाले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा या गाडीचा कमकुवत भाग आहे. तेलाच्या तापमानाचा गेज लावा आणि चढावर ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद ठेवा.

प्रश्न : जवळपास एकाच किमतीत फोर्डचे ७.३ आणि ६.० लिटर पॉवरस्ट्रोक (डिझेल इंजिनाचे) पिकअप मिळत आहेत. कोणते घ्यावे?

ट्रेलरसाठी ७.३. ताकद कमी, पण बिघाड ओळखीचे. कॅम पोझिशन सेन्सर अचानक जातो आणि इंजिन बंद पडते; एक नवा सेन्सर आणि १० मिलिमीटरचा पाना गाडीत असू द्या.

६.० मध्ये बिघाडाची साखळी असते. ऑइल कूलर चोंदतो, त्यामुळे ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्ट थंड करणाऱ्या भागाला) पुरेसे कूलंट मिळत नाही, तो तापून फुटतो आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) जाते. घेण्यापूर्वी स्कॅनर लावून गाडी पूर्ण गरम होईपर्यंत हायवेवर चालवा. ऑइल आणि कूलंटच्या तापमानात १५ अंश फॅरेनहाइटहून जास्त फरक दिसला, तर कूलर चोंदतो आहे. कूलंटच्या टाकीच्या झाकणाभोवती पांढरी पापडी दिसली, तर आणखी काही तपासू नका, ती गाडी सोडा.

प्रश्न : नव्या पाऊण-टनी (हे फक्त वर्गाचे नाव) डिझेल पिकअपची ओढण्याची क्षमता जाहिरातीत १८,००० पौंड आहे. मग १२,००० पौंडांचा फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) सहज चालेल ना?

बहुधा नाही. दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. त्यावरचा पेलोडचा (गाडीवर लादता येणाऱ्या वजनाचा) आकडा तुमचा आहे, जाहिरातीतला नाही. अशा बऱ्याच गाड्यांचे कमाल एकूण वजन १०,००० पौंड ठरवलेले असते. डिझेल इंजिनासह गाडीच ७,५०० पौंडांची असेल, तर हाती उरतात २,५००.

फिफ्थ व्हीलचे १५ ते २५ टक्के वजन हिचवर (गाडीवरच्या जोडावर) येते. २० टक्के धरले तरी २,४०० झाले. त्यात हिच १५० आणि माणसे ४०० मिळवा : २,९५०, म्हणजे मर्यादेच्या ४५० पौंड वर. इंजिन हसत ओढेल. टायर आणि मागचा ॲक्सल मात्र ओझ्याखाली दबतील. इथे एक-टनी गाडीच घ्या, आणि शक्य असेल तर मागे जोडचाकांची.

प्रश्न : नव्या डिझेलचा डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) वारंवार चोंदतो असे ऐकले आहे. खरे का?

जवळच्या फेऱ्यांच्या गाडीचा चोंदतो, ओढणाऱ्या गाडीचा क्वचितच. काजळी जळायला लागणारी उष्णता भार ओढतानाच मिळते. रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणे) चालू असताना इंजिन बंद करू नका.

डीईएफ (एक्झॉस्ट स्वच्छ करणारे, वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण) मात्र जपा. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेले, तर किल्लीही फिरवू नका. गाडी टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा पंप फिरला की खर्च पंप, रेल आणि इंजेक्टरपर्यंत जातो.