केमोनंतर रक्तात यीस्ट सापडलं, आठवडाभर कॅस्पोफंजिन (बुरशीविरोधी औषध) चालू आहे, तरी ताप का उतरत नाही?

हे यीस्ट नेहमीची कॅन्डिडा नसून ट्रायकोस्पोरॉन ही वेगळी बुरशी तर नाही ना, हे आधी तपासून घ्या. त्यावर कॅस्पोफंजिनचा उपयोग होत नाही. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असलेल्या रुग्णात हे औषध चालू असतानाच ही बुरशी रक्तात उगवते, हे चांगलंच माहीत आहे. लॅबने नुसतं ‘यीस्ट’ लिहून रिपोर्ट दिला असेल तर प्रजाती विचारा. वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या, स्लाइडवर यीस्टच्या कळ्यांसोबत बुरशीचे आयताकृती तुकडे आणि युरिएज चाचणी पॉझिटिव्ह असेल, तर संशय पक्का धरून माल्डी-टॉफ (प्रजाती ओळखणारी यंत्रावरची चाचणी) करून घ्यावी. ट्रायकोस्पोरॉनमध्ये क्रिप्टोकॉकल अँटिजेनही (क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीची चाचणी) खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि उपचार भलतीकडेच जातात.

ट्रायकोस्पोरॉन निघाल्यास:

- व्होरिकोनाझोल (दुसरं बुरशीविरोधी औषध): पहिले दोन डोस किलोमागे ६ मिग्रॅ, १२ तासांनी, मग त्याच अंतराने किलोमागे ४ मिग्रॅ. पाचव्या दिवसाच्या सुमारास पुढच्या डोसआधी रक्तातली पातळी बघतात, साधारण १ ते ५.५ मिग्रॅ प्रति लिटर हवी. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन्ही मिळून मज्जातंतूंना जबर इजा होऊ शकते.
- सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) शक्यतो काढायची. बुरशी तिच्यावर थर धरून बसते.

न्यूट्रोफिल वर येईपर्यंत औषधाने एकट्याने फारसं साधत नाही.

मात्र हे रक्तातल्या वाढीबद्दल. कॅथेटर लावलेल्या रुग्णाच्या फक्त लघवीत ट्रायकोस्पोरॉन आलं तर बहुतेकदा ती नुसती वस्ती असते. आणि कॅन्डिडाच निघाली, तर प्रतिरोध किंवा यकृत-प्लीहेतले गळू शोधावे लागतील.