खराऱ्याचं सामान घेण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी घरी आली, हे वाचून फार आनंद झाला. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार. तू आता शिलेदार झालीस. खोगिराच्या आधी खराऱ्याच्या, म्हणजे घोडीचं अंग घासूनपुसून साफ करायच्या सामानाची चौकशी केलीस, याचं मला विशेष कौतुक वाटलं.

तू पाठवलेल्या फोटोतली ती सामानाची रंगीबेरंगी पेटी घेऊ नकोस. त्यातल्या निम्म्या वस्तू खुंटीला लटकत राहतील आणि ज्या रोज लागतात त्या हलक्या प्रतीच्या निघतील. तेवढ्याच पैशात मोजक्या पण चांगल्या वस्तू येतात.

सगळ्यात आधी घे ती खूर साफ करायची आकडी. दिसायला क्षुल्लक, किंमतही फार नाही, पण एकच वस्तू ठेवायची वेळ आली तर मी हीच ठेवीन. अंगावर एक दिवस धूळ राहिली तर काही बिघडत नाही. नालाच्या कडेत अडकलेला खडा मात्र एका रपेटीत घोडी लंगडी करतो. आकडी लोखंडी, बोथट टोकाची, जाड मुठीची आणि मागच्या बाजूला छोटा कडक ब्रश असलेली बघ.

आकडी नेहमी टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायची. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग दिसेल. त्याच्या दोन्ही अंगांना खोल खाचा असतात आणि लीद, चिखल तिथेच घट्ट बसतो. खाचा मोकळ्या कर, पण त्या मऊ भागात टोक खुपसू नकोस. ब्रशने झटकलंस की खूर तसाच हातात धरून वास घे. काळपट ओल आणि कुजका वास आला तर खूर सडायला लागलाय. तुमच्या इगतपुरीकडच्या पावसात याची फार भीती, कारण जनावर दिवसदिवस ओल्यात उभं राहतं. तेव्हा आधी ठाण कोरडं कर आणि मग डॉक्टरांना बोलाव. ओलं ठाण तसंच ठेवून औषध घालत बसण्यात अर्थ नाही. खूर खाली ठेवल्यावर त्याच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकव. चारही खुरांना हात लाव. तीन गार आणि एक गरम लागला तर त्या दिवशी खोगीर चढवू नकोस.

हे सगळं वाकून, उभ्यानेच करायचं. घोडीच्या पायाशी बसायचं नाही की गुडघा टेकायचा नाही. तिने पाय झटकला तर तुला क्षणात बाजूला होता आलं पाहिजे. बसण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा, यात खंड नको.

आता खरारा, म्हणजे ज्याने अंग घासायचं ते दातेरी साधन. त्यालाही खराराच म्हणतात. आपल्याकडच्या तबेल्यांत अजूनही लोखंडी दातांचा खरारा दिसतो आणि पुष्कळ जण तो सरळ अंगावर चालवतात. माझं यावर मत ठाम आहे: लोखंडी दात कातडीला लावायचे नाहीत. एक माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्या जागी थरथरते. तिथे लोखंड ओढल्यावर काय होत असेल! लोखंडी खरारा जरूर घे, पण तो मऊ ब्रश साफ करायला. चार-पाच हात मारले की ब्रश त्याच्या दातांवरून ओढायचा आणि साठलेली धूळ जमिनीवर आपटून पाडायची.

अंगासाठी रबराचा गोल खरारा घे, तळहातात बसणारा आणि दाबला की वाकणारा. मान, खांदा, पाठ, बरगड्या आणि पुठ्ठा, म्हणजे शेपटीच्या वरचा मांसल भाग, असं गोलगोल फिरवत जायचं. तोंडावर आणि गुडघ्याखाली कातडीच्या आत लगेच हाड असतं, तिथे तो नको. थंडी सरली की घोडी केस टाकते, त्या दिवसांत याच्यासारखं दुसरं साधन नाही. पण मला तो आवडतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्याखालचं सगळं हाताला कळतं. कुठे गाठ आहे, कुठे खपली धरलीय, आयाळीखाली किंवा मांड्यांच्या मध्ये गोचीड चिकटलीय, ते डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागतं.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, बसतो त्या जागी, पुढच्या पायांच्या मागे, हात मुद्दाम सावकाश चालव. तिथे वाळलेला घाम मिठासारखा खरखरीत होऊन केसांना धरतो. तो किंवा एखादं कुसळ तंगाखाली राहिलं की तासाभराच्या रपेटीत कातडी सोलून निघते. खरारा त्या जागी आल्यावर घोडी कान मागे टाकते का, शेपटी झटकते का, मान वळवून बघते का, यावर लक्ष ठेव. असं करणाऱ्या घोडीला लोक खोडकर म्हणून मोकळे होतात. तू आधी तिथे काय दुखतंय ते शोध.

यात्रेत जनावरं तेल चोळून चकचकीत करून उभी केलेली असतात. तुझ्या घोडीच्या अंगावर ते तेल अजून असेल आणि ते धूळ धरत राहील. घाईने शाम्पूकडे वळू नकोस. रोज रबराचा खरारा आणि त्यावर गोणपाटाच्या तुकड्याने केसांच्या दिशेने दाबून पुसणं, एवढ्याने ते हळूहळू उतरेल आणि कातडीचं स्वतःचं तेल केसांवर पसरेल. खरी चकाकी मात्र चंदी-चाऱ्यातून आणि वेळच्या वेळी जंताचं औषध देण्यातून येते.

ब्रश दोन पुरेत. वाळलेल्या चिखलासाठी काथ्याचा किंवा तसल्याच राठ धाग्याचा, मनगटाने झटका देत चालवायचा. आणि बाकी सगळ्या अंगाला, तोंडालाही, मऊ केसांचा. ओला चिखल घासलास तर रेती कातडीवर घासली जाते, म्हणून वाळू द्यायचा. पावसाळ्यात तो वाळणारच नाही. तेव्हा पाय साध्या पाण्याने धुऊन घोट्यामागची खाच जुन्या धोतराच्या फडक्याने अगदी कोरडी कर. तिथे ओल राहिली की खपल्या धरतात, मग चिरा पडतात.

शेपटीला फणी लावायची सवय करू नकोस. बाजूला उभी राहून बोटांनी गुंता सोडव, टोकाकडून वर जात. उपटलेला केस पुन्हा तेवढा लांब व्हायला वर्षं जातात. स्पंज दोन घे, वेगवेगळ्या रंगांचे: एक डोळ्या-नाकाला, दुसरा शेपटीखाली. अंघोळीनंतर पाणी निथळवायची पट्टी लागेल, ती कुठलीही चालेल.

एका बाबतीत मात्र मन घट्ट कर. हे सामान फक्त तुझ्या घोडीचं. शेजारचे घोडेवाले भले आहेत, जीव लावणारे आहेत, तरी ब्रश मागितला तर देऊ नकोस आणि त्यांचा घेऊ नकोस. नायटा ब्रशवरून एका घोड्याचा दुसऱ्याला सहज होतो. ग्लँडर्स तर माणसालाही होणारा जीवघेणा रोग आहे. त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तो निश्चित झाला की जनावर वाचवता येत नाही. घोडी गर्दीतून आली आहे. तिचं रक्त तपासलं नसेल तर या आठवड्यात तपासून घे आणि दोन-तीन आठवडे तिला शेजारच्या घोड्यांपासून लांब बांध. पाण्याची बादली आणि तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, हेही वेगळं ठेव.

आठवड्यातून एकदा सगळे ब्रश कोमट पाण्यात थोडा साबण घालून धू आणि केसांची बाजू खाली करून उन्हात ठेव. लाकडी पाठीचा ब्रश भिजत घालू नकोस, लाकूड फाटतं.

खराऱ्याला उभी करताना म्होरकीची, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याची दोरी एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधायची. मागून जाताना तिच्याशी बोलत, पुठ्ठ्यावर हात ठेवून जा; अगदी पाठीमागचं तिला दिसत नाही. पहिले काही दिवस ती अंगाला हात लावू देईल तेवढाच खरारा कर.

नालबंद या महिन्यात येईल म्हणतेस. तो जुने नाल काढेल तेव्हा आकडी घेऊन तिथेच उभी राहा. नाल उतरल्यावर तळवा पूर्ण उघडा दिसतो, खिळ्यांची भोकं कुठे आहेत तेही कळतं. चारही तळव्यांचे फोटो काढून मला पाठव, विशेषतः मागच्या उजव्या पायाचा. तुझ्या व्हिडिओत ती तो पाय जरा जपून टाकताना दिसली.

तुझा,
काका