डीएलएल शेजारीच आहे, तरी ६४-बिट विंडोजवर ‘मॉड्यूल सापडले नाही’ असं का येतं?

तुम्ही विचारलंय की वजनकाट्याचा जुना सी-शार्प प्रोग्राम नव्या ६४-बिट सर्व्हरवर हलवला, काटा कंपनीची डीएलएल (प्रोग्राम चालताना लोड करतो ती कोडची फाइल) एक्झीच्या, म्हणजे मुख्य प्रोग्राम फाइलच्या, शेजारी ठेवली, सिस्टम३२ मध्येही टाकून पाहिली, तरी एरर १२६, म्हणजे ‘मॉड्यूल सापडले नाही’, जात नाही. मग सगळंच ६४-बिट करून घ्यावं का?

आधी सिस्टम३२ मधली ती फाइल काढा. ‘डीएलएल सिस्टम३२ मध्ये टाका’ हा सल्ला देणाऱ्यांनी आता थांबायला हवं. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ हे ६४-बिट फायलींचं फोल्डर आहे, ३२-बिट फायली सिसवॉव६४ मध्ये असतात. ३२-बिट प्रोग्रामनं सिस्टम३२ मागितलं, तरी विंडोज त्याला परस्पर सिसवॉव६४ कडे वळवतं. त्यामुळे एक्सप्लोररमधून तिथे टाकलेली ३२-बिट डीएलएल ३२-बिट प्रोग्रामला दिसतच नाही आणि ६४-बिट प्रोग्रामला दिसूनही लोड करता येत नाही.

आता एररचा आकडा नीट वाचा. १९३ किंवा डॉटनेटमधलं ‘बॅड इमेज फॉरमॅट’ म्हणजे फाइल सापडली, पण ती दुसऱ्या आर्किटेक्चरची आहे, उदाहरणार्थ ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट फाइल. १२७ म्हणजे डीएलएल लोड झाली, पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही. बहुधा त्याच नावाची जुनी आवृत्ती आधी सापडते. १२६ मात्र फसवा आहे. मेसेजमध्ये नाव तुम्ही मागितलेल्या डीएलएलचं येतं, पण गायब असलेली फाइल बऱ्याचदा तिच्या आतून मागितलेली दुसरीच कुठलीतरी असते.

एका साखर कारखान्याच्या काट्यावर नेमकं हेच झालं होतं. प्रोग्राम ‘एनी सीपीयू’वर (मशीन असेल तसा ३२ किंवा ६४-बिट चालेल असा) बिल्ड केलेला, म्हणून नव्या मशीनवर तो ६४-बिट होऊन चालला आणि ३२-बिट डीएलएलवर आपटला. टार्गेट ‘एक्स८६’ केल्यावर ती एरर गेली आणि १२६ आली. डीएलएल देणाऱ्याचं म्हणणं एकच: आमच्याकडे चालते, तुमचं विंडोज बदला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि फोनवर हा वाद. शेवटी व्हिज्युअल स्टुडिओतल्या डम्पबिन या टूलला ‘डिपेंडंट्स’ हा पर्याय देऊन ती डीएलएल तपासली, तर तिला लागणाऱ्या फायलींच्या यादीत ‘एमएसव्हीसीआर१००डी’. शेवटच्या ‘डी’चा अर्थ डीबग, म्हणजे प्रोग्रामरनं चुका शोधायला वापरायची आवृत्ती. त्यांनी व्हिज्युअल सी++ २०१० मधला डीबग बिल्ड दिला होता. जुन्या मशीनवर आणि त्यांच्या ऑफिसात व्हिज्युअल स्टुडिओ होता, म्हणून तिथे तो चालायचा. डीबग रनटाइम (त्या बिल्डला लागणाऱ्या सी++ फायली) मायक्रोसॉफ्टच्या रीडिस्ट्रिब्युटेबल या इन्स्टॉलरमध्ये येत नाही आणि वाटायची परवानगीही नाही. उपाय एकच होता: त्यांच्याकडून रिलीज बिल्ड, म्हणजे ग्राहकांना द्यायची आवृत्ती, मागून घेणं. ‘आमच्याकडे चालते’ हे उत्तर नव्हे. कुठल्या रनटाइमवर चालते ते सांगा.

रिलीज बिल्ड आल्यावरही १२६ राहिला, कारण सर्व्हरवर रीडिस्ट्रिब्युटेबल फक्त एक्स६४चं टाकलं होतं. मशीन ६४-बिट असलं तरी प्रोग्राम ३२-बिट असेल तर एक्स८६चंच लागतं. दोन्ही टाकून ठेवा, एकमेकांच्या आड येत नाहीत.

डीएलएल कोणत्या जातीची हे बघायला डम्पबिनला ‘हेडर्स’ पर्याय द्या. मशीनच्या ओळीत १४सी म्हणजे ३२-बिट, ८६६४ म्हणजे ६४-बिट, एए६४ म्हणजे एआरएम६४. डम्पबिन नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह करू नका. सुरुवातीलाच ‘पीई’ दिसेल. त्यापुढे कॅपिटल एल असेल तर ३२-बिट, स्मॉल डी असेल तर ६४-बिट. एआरएम६४लाही डीच येतो, एवढं लक्षात असू द्या.

गायब फाइल कोणती हे मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर हे टूल सांगतं. प्रोग्रामच्या नावाचा आणि ‘डीएलएल’नं संपणाऱ्या पाथचा फिल्टर लावा. ‘नेम नॉट फाउंड’च्या ओळी ढिगानं येतील, त्यांनी घाबरू नका, विंडोज एकेक फोल्डर शोधत जातं. ज्या नावाला शेवटपर्यंत ‘सक्सेस’ मिळत नाही, ते पकडा. याच कामाचा जुना डिपेंडन्सी वॉकर वापरू नका, ‘एपीआय-एमएस-विन’नं सुरू होणारी नावं तो विनाकारण लाल दाखवतो.

सगळं ६४-बिट करावं का? डीएलएल ३२-बिट असेपर्यंत नाही. ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर उत्तम चालतो. अगदीच गरज पडली तर डीएलएलसाठी छोटी वेगळी ३२-बिट एक्झी करा आणि मुख्य प्रोग्रामला वजन नेम्ड पाइपमधून (दोन प्रोग्राममधला विंडोजचा दुवा) द्या. मुळात इंडिकेटर (काट्याचं वजन दाखवणारा डबा) आरएस-२३२ या सीरियल जोडणीवर साधी एएस्की, म्हणजे साध्या अक्षरांची, ओळ पाठवत असेल, तर सीरियल पोर्ट थेट वाचा, डीएलएलची गरजच नाही. काटा कंपनी हे आपणहून सांगणार नाही.

डीएलएल कॉम पद्धतीची (विंडोजमध्ये आधी नोंदवून वापरायची) असेल आणि ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ येत असेल, तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे सिसवॉव६४ मधल्या रेगएसव्हीआर३२नं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरून रजिस्टर करा.