घरच्यांचे कौतुक आणि कमल बस्तीचा खांब

«ताई, सहकारी बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली. कॉलेजात असताना मी जलरंगात चित्रे काढत असे. वडिलांच्या सांगण्यावरून नोकरी धरली आणि रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. आता पुन्हा सुरुवात केली आहे. घरात प्रत्येक चित्राचे कौतुक होते, सूनबाई ते स्टेटसला लावते, मुलगा फ्रेम करून आणतो. चित्रे चांगली नाहीत हे मला कळते. विशीतल्या माझ्या वहीतली रेघ याहून सरस होती. हल्ली निळा रंगही मळकट लागतो, ट्यूब बदलूनही फरक पडला नाही. क्लासला जावे तर तिथे सगळी शाळकरी मुले आणि शिकवणारे सर कानडी. हा नाद सोडावा, की घरचे म्हणतात त्यात समाधान मानावे? एका चित्राचा फोटो सोबत जोडला आहे.»
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेले चित्र मी नीट पाहिले आणि तुमचेच म्हणणे खरे आहे, ते चांगले झालेले नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटण्यापेक्षा हायसे वाटले असेल, असा माझा अंदाज आहे, कारण दोन वर्षांत घरातल्या एकाही माणसाने हे तुम्हाला सांगितलेले नाही आणि तुमच्या पत्रातली खरी तक्रार तीच आहे.

चित्रकलेत माझी गती बेताचीच आहे. तरीही बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिराचा, मंडप मी ओळखला आणि त्यातला डावीकडचा खांब मोडल्यासारखा का दिसतो, तेही लक्षात आले. रट्ट राजांच्या काळात, १२०४ साली उभ्या राहिलेल्या त्या बस्तीचे गोल खांब कातावर (लेथवर) धरल्यासारखे घडवलेले आहेत आणि त्यांच्यावर एकावर एक कड्या आहेत. तुम्ही त्या सगळ्या कड्या एकाच बाकाच्या काढल्या आहेत. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीवरची कडी जवळजवळ सरळ रेघेसारखी दिसते, तिच्या वरच्या कड्या वरच्या बाजूला फुगत जातात, खालच्या खालच्या बाजूला, आणि पातळीपासून जितके दूर जावे तितका हा बाक वाढत जातो. लांबून घेतलेल्या फोटोत हा फरक पुसट होतो, आणि तुम्ही फोटोवरूनच काढले असावे असे मला वाटते. एखाद्या सकाळी बस्तीत जाऊन बसा आणि पूर्ण मंडपाचा हव्यास सोडून एकच खांब पेन्सिलीने काढा. छतावरचे कमळ काही महिने थांबू शकते. एवढी शतके ते थांबलेलेच आहे.

आता विशीतल्या वहीबद्दल. त्या वहीतली रेघ सफाईदार असेल, कारण तेव्हा हात रोज चालत होता. पण तेव्हा तुमचा डोळा इतका कडक होता का, याची मला शंका आहे. नोकरीच्या काळात हात बंद राहिला तरी पाहणे बंद नव्हते. येता-जाता देवळे पाहिली, खानापूरकडची झाडी पाहिली, दुसऱ्यांची चित्रे पाहिली, आणि त्यातून नजर तयार होत गेली. आज नजर पुढे आहे आणि हात मागे राहिला आहे. हे अंतर टोचते खरे, पण ज्याला स्वतःच्या चित्रातले दोष दिसतात त्याला काय सुधारायचे तेही समजते. हात रोजच्या सरावाने परत येतो. सराव साध्या, स्वस्त कागदावर करा. महागाचा जाड कॉटन पेपर समोर आला की माणूस कागद वाया जाईल या धास्तीनेच कुंचला चालवतो.

घरच्या मंडळींवर रागावू नका. सूनबाई स्टेटसला चित्र लावते त्यात तिला सासऱ्यांचे कोडकौतुक आहे, तिने परीक्षकाची खुर्ची मागितलेली नाही. फक्त तुम्ही त्यांना विचारता काय ते बदलून पाहा. «कसे झाले?» असे विचारले की «छान!» याखेरीज दुसरे उत्तर सुचायला जागाच राहत नाही, «हा खांब तुला सरळ वाटतो का?» असे विचारलेत तर कदाचित तुमचा नातू सर्वांत आधी खरे सांगेल. आणि काही चित्रे कोणालाही न दाखवता सरळ कपाटात ठेवा. फ्रेमचा खर्च तरी वाचेल.

क्लासला मात्र जाच. शाळकरी मुलांबरोबर बसण्याचा संकोच पहिल्या आठवड्यात संपेल, कारण मुलांना तुमच्याकडे पाहायला फुरसत नसते. ज्या बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार शिकला, तिथल्या माणसाने शिकायला लाजावे हे मला पटत नाही. सर कानडी आहेत ही अडचण तर मुळीच खरी नव्हे; बँकेच्या काउंटरवर बसून आयुष्यभर कानडी बोललेल्या माणसाने ती सांगावी, याचे हसू आले. चित्रातली चूक दाखवताना सर बोलतील थोडे आणि पेन्सिल हातात घेऊन दाखवतील जास्त. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की कौतुक घरी भरपूर मिळते, इथे चुका दाखवा.

आपल्याकडच्या पावसाचाही थोडा विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये कागद लवकर वाळत नाही आणि पहिला हात ओलसर असतानाच दुसरा दिला की रंग फुटून कडांना फुलकोबीसारखे डाग उमटतात. तो दोष तुमचा समजू नका. त्या दोन महिन्यांत पेन्सिलीवर भर द्या आणि रंगाचा कागद कोरड्या कपाटात ठेवा, नाहीतर त्याला बुरशी धरते.

आणि निळा रंग मळकट लागतो म्हणालात, त्यासाठी आणखी ट्यूब घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, मोतीबिंदूत ते अधिकच होते, आणि पहिला मार निळ्यावर बसतो. फ्रान्सचे चित्रकार क्लोद मोने यांची उतारवयातली काही चित्रे तांबूस-तपकिरी झाली ती मोतीबिंदूच्या काळात. १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढेही चित्रे काढली. तपासणीच्या वेळी कागद तुम्ही किती अंतरावर धरता तेही डॉक्टरांना सांगा, म्हणजे चित्र काढण्यापुरता वेगळा चष्मा लागतो का, याचाही त्याच भेटीत निकाल लागेल.